डिटर्जंटच्या पुड्यावर धुण्यांची संख्या छापावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत घराखालच्या गाळ्यात आमचे किराणा दुकान आहे आणि गल्ल्यावर बहुतेक वेळ मीच बसते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यादी घेऊन येणारे गिऱ्हाईक तेल, डाळ, साखर भराभर सांगून टाकते, पण डिटर्जंटचे नाव आले की थांबते. “वहिनी, पावडर परवडती का लिक्विड?” हा प्रश्न अलीकडे इतक्या घरांतून विचारला जाऊ लागला आहे, की एकेकाला उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरातून ते नीट मांडावे, असे मला वाटले.

माझे मत आधीच सांगते. बादलीत कपडे भिजवून हाताने धुणाऱ्या किंवा सेमी-ऑटोमॅटिक यंत्र वापरणाऱ्या आपल्या बहुसंख्य घरांना मध्यम दर्जाची पावडर, ती मोजून वापरली तर, सर्वांत स्वस्त पडते. पुढून दार असलेले फ्रंट लोड यंत्र ज्यांच्याकडे आहे, ज्यांचे बरेचसे कपडे रंगीत आणि नाजूक आहेत किंवा ज्यांच्या हाताला पावडर सोसत नाही, त्यांनी लिक्विड घेतले तर पैसे वाया गेले असे म्हणता येणार नाही. मात्र हे माझे मत कोणी डोळे झाकून मान्य करावे, अशी माझी अपेक्षा नाही. प्रत्येकाला आपल्या घरापुरता हिशेब स्वतः करता आला पाहिजे, आणि नेमका तोच हिशेब करण्यासाठी लागणारी माहिती पुड्यावर धडपणे मिळत नाही, ही माझी तक्रार आहे.

पॅकबंद वस्तूंवर कमाल किरकोळ किमतीबरोबर एकक दरही, म्हणजे ग्रॅमला, किलोला किंवा लिटरला किती रुपये पडतात हेही छापण्याचे बंधन वैधमापन शास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या, २०११ च्या नियमांत दुरुस्ती करून घालण्यात आले आहे. ही सुधारणा अतिशय चांगली आहे आणि गिऱ्हाइकांनी पुडा हातात घेतल्यावर तो बारीक अक्षरांतला आकडा अवश्य वाचावा. तरीही डिटर्जंटच्या बाबतीत तो पुरेसा पडत नाही. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पुड्यावर हा दर ग्रॅमला लिहितात आणि एक किलोपेक्षा जास्त वजनाच्या पुड्यावर किलोला लिहितात. ग्रॅमचा दर दोन दशांश स्थळांपर्यंतच येतो, त्यामुळे १२६ रुपये किलोची पावडर आणि १३४ रुपये किलोची पावडर या दोन्हींच्या अर्ध्या किलोच्या पुड्यावर ०.१३ रुपये हाच आकडा दिसतो. किलोमागे आठ रुपयांचा फरक तिथेच झाकला जातो. मोठा पुडा स्वस्तच असणार, हेही गृहीत धरू नये. दहा रुपयांचा छोटा पुडा कित्येकदा किलोच्या पुड्याइतकाच किंवा त्याहून कमी दराने पडतो, आणि कित्येकदा त्याची किंमत दहाच राहून आतले वजन गुपचूप घटलेले असते. म्हणून पुड्याच्या किमतीबरोबर त्याचे वजनही दर महिन्याला पाहावे लागते.

खरी अडचण याच्याही पुढची आहे. पावडर किलोवर विकली जाते, लिक्विड लिटरवर विकले जाते, आणि किलोची तुलना लिटरशी करता येत नाही. आपण विकत घेतो ती पावडरही नसते आणि लिक्विडही नसते. आपल्याला हवे असतात ते धुतलेले कपडे. म्हणून एका धुण्याला किती रुपये लागले, एवढाच प्रश्न विचारण्याजोगा आहे. समजा, एका घरात रोज यंत्राचे एक धुणे निघते. ७० रुपये किलोची हलक्या दर्जाची पावडर घेतली आणि मळ निघत नाही म्हणून दर धुण्याला १२० ग्रॅम टाकावी लागली, तर एका धुण्याचे ८ रुपये ४० पैसे झाले. १२० रुपये किलोची मध्यम पावडर ६० ग्रॅम पुरली, तर ७ रुपये २० पैसे झाले. २०० रुपये लिटरचे लिक्विड ४० मिलीलिटर टाकले, तर ८ रुपये झाले. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, प्रत्येकाने आपल्या पुड्यावरचे घालावेत. पण त्यातून एवढे दिसते, की किलोला पन्नास रुपयांनी स्वस्त असलेली पावडर धुण्याला महाग पडू शकते. आणि त्याच लिक्विडचे टोपण अंदाजाने काठोकाठ भरून ६० मिलीलिटर ओतले, तर ८ रुपयांचे १२ रुपये होतात, म्हणजे तीस धुण्यांच्या महिन्याला १२० रुपये आणि वर्षाला १४४० रुपये नुसते गटारात जातात. महाग काय आणि स्वस्त काय, हे दुकानात जितके ठरते त्याहून अधिक आपल्या न्हाणीघरात ठरते.

मोजण्याचा विषय निघाला आहे, तर एक गोष्ट तपशिलाने सांगते, कारण ती दुकानातल्या वजनकाट्याने मला शिकवली. पावडर मोजायला आपण घरातला एखादा जुना चमचा किंवा प्लॅस्टिकची डबी ठेवतो आणि कंपनी बदलली तरी माप तेच ठेवतो. काट्यावर ठेवून पाहिले तर एकाच डबीत एक पावडर हलकी भरते आणि दुसरी बरीच जड भरते. चांगल्या पावडरी बहुधा गरम हवेत फवारून वाळवलेल्या असतात, त्यांचे कण आतून पोकळ असतात आणि त्या फुललेल्या दिसतात. स्वस्त पावडरी कोरडे घटक एकत्र कालवून केलेल्या असतात आणि त्या दाट बसतात. म्हणजे वजनाने हलक्या, फुललेल्या पावडरीची सवय झालेल्या घराने जड पावडर आणली आणि माप तेच ठेवले, तर तो पुडा दहा-बारा दिवस आधीच संपतो आणि बाई म्हणते, यावेळी पावडर पुरलीच नाही. यावर उपाय अगदी सोपा आहे. नवीन पुडा आणल्यावर ओळखीच्या दुकानदाराकडून आपली डबी एकदा वजन करून घ्यावी आणि किती ग्रॅम भरते ते तिच्यावर रंगाने लिहून ठेवावे. माझ्या गिऱ्हाइकांना मी हे करून देते.

आता पावडरीत काय असते, ते पाहू. मळ आणि तेल सोडवणारे जे मुख्य रसायन असते, त्याला या धंद्यात ॲसिड स्लरी म्हणतात. सोड्याबरोबर कालवले की त्याचे डिटर्जंट होते. पुड्यातला सर्वांत किमती भाग बहुतेक वेळा हाच असतो आणि पुडा स्वस्त करायचा झाला, की पहिली काटछाट यातच होते. त्याच्या जोडीला धुण्याचा सोडा, सोडियम सिलिकेट, पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातल्या क्षारांचा परिणाम, मारणारे घटक आणि वजन भरून काढणारे सोडियम सल्फेट किंवा मीठ असते. महागाच्या पावडरीत याशिवाय रक्त, दूध, डाळ, भाताची पेज अशा डागांना तोडणारे एन्झाइम, प्राणवायू सोडून डाग फिकट करणारे पांढरे दाणे आणि कपड्याला निळसर चकाकी देणारे टिनोपालसारखे रसायन असते. ही चकाकी मळ काढत नाही. उजेडात कापड अधिक पांढरे भासावे, एवढेच तिचे काम. तीन पुड्यांचे तीन दर असतात, त्यामागे बहुतांशी हे घटक आणि मग जाहिरात असते. १९५९ साली सर्फ बाजारात आले, तरी सर्वसामान्य घरात पावडर पोचली ती अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये निरमा काढल्यानंतर. महागडे घटक टाळून माल स्वस्तात देता येतो आणि लोक तो आनंदाने घेतात, हे तेव्हा सिद्ध झाले. तोपर्यंत रंकाळा तलावावरच्या धुण्याच्या चावीवर, म्हणजे कपडे धुण्याच्या सार्वजनिक जागेवर, किंवा पंचगंगेच्या घाटावर धुणे नेणारी पिढी वडी घासून दगडावर कपडे आपटत होती. त्यामुळे स्वस्त पावडरीला मी नावे ठेवणार नाही. तिने अनेक घरांचे कष्ट हलके केले आहेत. मात्र स्वस्त आणि भेसळीची यांत अंतर आहे.

ते अंतर घरी तपासता येते. स्टीलऐवजी काचेचा पेला घ्यावा, कोमट पाण्यात एक चमचा पावडर चांगली ढवळावी आणि तासभर हात न लावता ठेवून द्यावी. सोडा, मीठ, सोडियम सल्फेट हे सगळे पाण्यात विरघळते. तळाशी खडूच्या भुकटीसारखा जाड पांढरा थर बसला, तर त्या पुड्यात न विरघळणारी दगडाची पूड मिसळलेली असण्याची शक्यता दाट असते. हीच पूड पुढे काळ्या पँटवर पांढऱ्या रेघा होऊन उमटते आणि यंत्राच्या नळीत साचते. थोडासा गढूळपणा मात्र चांगल्या पावडरीतही राहू शकतो, कारण पाण्याचा जडपणा कमी करण्यासाठी घातलेला झिओलाइट नावाचा घटकही विरघळत नाही; त्यामुळे एवढ्यावरून एखाद्या पुड्याला दोष देऊ नये. घरगुती डिटर्जंट पावडरीसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ४९५५ हे मानक आहे. पुड्यावर त्या मानकाचे आयएसआय चिन्ह असेल, तर खरेदी करताना त्याला वजन द्यावे.

लिक्विडचा मोठा हिस्सा पाण्याचा असतो. ते पाणी भरून, डब्यात घालून, ट्रकने आणायचे, म्हणून त्याची किंमत चढते. त्याचे फायदे खरे आहेत. ते थंड पाण्यात लगेच मिसळते, कपड्यावर पांढरी पूड राहत नाही, त्यातला अल्कलीपणा, म्हणजे सोड्यासारखा तीव्रपणा, बहुधा पावडरीपेक्षा सौम्य असल्यामुळे रंग आणि हात दोन्ही टिकतात, आणि कॉलर, बाहीची कड, काखेतला घामट तेलकट मळ यांवर थेट चोळता येते. मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. डाग फिकट करणारा प्राणवायूचा घटक पाण्यात टिकत नाही, म्हणून तो लिक्विडमध्ये सहसा नसतो. पांढऱ्या चादरी, टॉवेल, शाळेचे पांढरे शर्ट यांचा पिवळटपणा घालवायला चांगली पावडरच अधिक उपयोगी पडते. चिखल आणि मातीच्या बाबतीतही सोडा आणि सिलिकेट असलेली पावडर सरस ठरते.

याच ठिकाणी सुट्या लिक्विडबद्दल लिहिणे भाग आहे. गल्लोगल्ली पाच लिटरचे कॅन घेऊन येणारे विक्रेते आहेत, प्रदर्शनांतून बचत गटांच्या भगिनी स्वतः बनवलेले लिक्विड विकतात, आणि त्यांतले काही खरोखर चांगले असते. पण गिऱ्हाईक बहुतेक वेळा कॅन तिरका करून लिक्विड किती दाट ओघळते, ते पाहते आणि दाट असेल तर जोरदार असणार असे ठरवते. हे चुकीचे आहे. अशा बऱ्याच लिक्विडमध्ये प्रमाणात मीठ घातले की ते दाट होते. मळ काढण्याची ताकद त्यामुळे कणभरही वाढत नाही. गेल्या पावसाळ्याआधी एका फिरत्या विक्रेत्याकडून मी स्वतः घरासाठी असा कॅन घेतला. मधासारखे दाट, गडद निळे, वासाला उत्तम. पण दुप्पट ओतले तरी कॉलरची काळी रेघ हलेना. कॅनवर ना बनवणाऱ्याचा पत्ता होता, ना तारीख, ना घटकांची नावे, त्यामुळे तक्रार करायची तर कोणाकडे, हेच कळेना. बचत गटांच्या भगिनींना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी लेबलवर गटाचे नाव, बनवल्याची तारीख, मुख्य घटक आणि बादलीला किती झाकणे टाकायची ते स्पष्ट लिहावे. तेवढे केले, तर माझ्यासारखे दुकानदार त्यांचा माल आनंदाने ठेवतील.

कोणते डिटर्जंट किती लागेल, हे पाण्यावरही ठरते आणि कोल्हापुरात एकाच घरात दोन प्रकारचे पाणी असते. महानगरपालिकेचे नळाचे पाणी नदीचे आणि धरणाचे, म्हणजे तुलनेने मऊ असते. उपनगरांत आणि भोवतालच्या गावांत धुण्या-भांड्याला बोअरचे पाणी वापरतात आणि आपल्या काळ्या कातळातून येणारे ते पाणी बहुधा जड असते. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट पांढरा साका तयार होतो. डिटर्जंटचा साका होत नाही, पण त्याचीही ताकद खर्ची पडते. पाणी जड आहे का, ते पाहायला बाटलीत थोडे पाणी आणि अंगाच्या साबणाचा किस टाकून हलवावे. फेस न येता दह्यासारखे कण तरंगले, तर पाणी जड समजावे. अशा घरांनी निव्वळ लिक्विडवर भर न देता जडपणा मारणारे घटक असलेली पावडर घ्यावी, किंवा नळाचे पाणी येईल त्या वेळी निदान भिजवण्यापुरते ते वापरावे. डिटर्जंट वाढवण्याआधी पाणी बदलून पाहावे, ते फुकट आहे.

फेसाबद्दलचा गैरसमज सर्वांत खर्चिक आहे. फेस आला म्हणजे कपडे धुतले गेले, असे आपल्या मनात पक्के बसले आहे, आणि फेस येत नाही असे दिसले की आणखी एक मूठ पडते. फेसाचा आणि स्वच्छतेचा तसा थेट संबंध नाही. फ्रंट लोड यंत्रासाठी तर मुद्दाम कमी फेसाचे डिटर्जंट बनवतात, कारण त्यात पाणी कमी असते, कपडे वरून खाली आपटून धुतले जातात आणि फेस साचला तर तो आपट्याचा जोरच मारतो. तिथे बादलीची साधी पावडर घालून यंत्र बिघडवून घेणारी घरे मी पाहिली आहेत. हाताने धुणाऱ्या घरात जास्तीच्या फेसाची किंमत पाण्यात मोजावी लागते. दोन बादल्यांत विसळून होणाऱ्या कपड्यांना चार बादल्या लागतात, आणि पाणी दिवसाआड आले, की त्या दोन बादल्या कुठून आणायच्या, हा प्रश्न घरातल्या बाईपुढेच उभा राहतो.

आपल्या गावचे डागही वेगळे आहेत आणि त्यांचा विचार करूनच खरेदी करावी. उद्यमनगरातल्या लेथवर किंवा शिरोलीच्या फौंड्रीत काम करणाऱ्याच्या कपड्यांत कटिंग ऑइल, ग्रीस आणि काळी वाळू एकत्र मुरलेली असते. तेलावर लिक्विड चांगले चालते आणि वाळू-मातीवर पावडर. म्हणून अशा घराने लिक्विडचा मोठा कॅन न घेता छोटा पाऊच ठेवावा, तेलकट जागी कोरड्या कपड्यावरच थोडे चोळून पंधरा मिनिटे ठेवावे आणि मग बाकीचे सगळे धुणे पावडरीत भिजवावे. माझ्या मते कमी खर्चात हीच सर्वांत चांगली सोय आहे. तालमीतल्या पोराच्या कपड्यांची तांबडी माती आधी पूर्ण वाळू द्यावी, झटकावी, साध्या पाण्यात एकदा खळबळावी आणि नंतर पावडर दाखवावी. ओल्या मातीवर सरळ पावडर टाकली, तर अर्धी पावडर मातीच खाऊन टाकते. रक्ताच्या आणि दुधाच्या डागाला कढत पाणी लावू नये, डाग पक्का बसतो आणि डिटर्जंटमधले एन्झाइमही निकामी होतात.

तांबड्या रश्श्याचा किंवा हळदीचा डाग पावडर लागताच लालभडक होतो आणि नवीन सुना घाबरून तो घासत बसतात किंवा पावडर परत करायला येतात. यात पावडरीचा काही दोष नाही. हळदीला चुना लागला की कुंकू होते, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. पावडरीतला सोडा तेच काम करतो. भरपूर पाण्यात विसळले की लाली उतरून पुन्हा पिवळेपणा येतो, आणि राहिलेला पिवळा डाग ओल्या कपड्यासह उन्हात टाकला की एक-दोन दिवसांत उडून जातो, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. असे डाग काढण्याची म्हणून जी महागडी बाटली मिळते, तिची या डागासाठी तरी गरज नाही. आपल्याकडे आषाढ-श्रावणात ऊन दिसत नाही, एवढी एकच अडचण.

खर्चाच्या हिशेबात न येणारी एक बाजू आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. धुणे-भांडी करणाऱ्या आमच्या गल्लीतल्या मावशी दिवसाला अनेक घरांचे धुणे करतात. ज्या घरात सोड्याने भरलेली अगदी हलक्या दर्जाची पावडर असते, त्या घरचे धुणे झाल्यावर त्यांच्या बोटांची टोके पांढरी पडून सोलतात, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात आणि संध्याकाळी भाकरीचे पीठ मळताना मीठ लागून आग होते. त्यांनी मला हात दाखवले आहेत. पावडर निवडते घरमालकीण आणि सोसतो तो दुसरीचा हात. आपल्याकडे कामाला बाई असेल, तर किलोमागे दहा-वीस रुपये वाचवण्यासाठी तिचे हात जाळू नयेत; मध्यम पावडर आणावी, ती आधी बादलीत पूर्ण विरघळवून मग कपडे घालायला सांगावे, आणि रबरी हातमोज्यांची एक जोडी आणून द्यावी.

वाया गेलेले डिटर्जंट शेवटी नाल्यांतून पंचगंगेतच जाते. नदीवर आणि तळ्यांवर जी जलपर्णी माजते, तिचे प्रमुख कारण सांडपाणी हे असले, तरी त्या सांडपाण्यात फॉस्फेट असलेल्या डिटर्जंटचाही वाटा असतो, कारण फॉस्फेट हे वनस्पतींचे खतच आहे. युरोपीय संघाने घरगुती डिटर्जंटमधल्या फॉस्फरसवर २०१३ पासून कडक मर्यादा घातली. आपल्याकडे घटकांमध्ये फॉस्फेट नसल्याचे लिहिलेला पुडा मिळाला आणि दर परवडला, तर तो उचलावा. आणि कोणताही पुडा असला, तरी लागते तेवढेच वापरावे.

आता मुख्य मागणी. युरोपीय संघाच्या २००४ च्या डिटर्जंटविषयक नियमावलीत असे बंधन आहे, की पुड्यावर मऊ, मध्यम आणि जड पाण्यासाठी किती ग्रॅम किंवा किती मिलीलिटर वापरायचे ते लिहिले पाहिजे, त्या पुड्यात यंत्राची किती धुणी होतील ती संख्या लिहिली पाहिजे, आणि सोबत माप दिले असेल तर त्या मापात किती मावते तेही लिहिले पाहिजे. एवढ्या तीन ओळींनी गिऱ्हाइकाचे सगळे गणित सुटते. किंमत भागिले धुणी केले की उत्तर हातात येते, मग वस्तू पावडर असो की लिक्विड. आपल्याकडे काही कंपन्या काही पुड्यांवर यातले थोडेफार छापतात, पण कोणी “एक झाकण” लिहिते, कोणी “दोन चमचे” लिहिते, आणि चमचा चहाचा की वाढायचा, हे कोणी सांगत नाही. टोपणाच्या आतल्या रेघा तर निळ्यावर निळ्या असतात, पन्नाशीच्या पुढच्या डोळ्यांना त्या दिसतच नाहीत.

माझी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला आणि राज्याच्या वैधमापन शास्त्र यंत्रणेला विनंती आहे, की एकक दर छापण्याचे बंधन घालताना जी दूरदृष्टी दाखवली, तीच पुढे नेऊन डिटर्जंटच्या प्रत्येक पुड्यावर, पाऊचवर आणि कॅनवर बादलीच्या किती धुण्यांना आणि यंत्राच्या किती धुण्यांना तो पुरेल, ही संख्या किमतीच्या शेजारी, किमतीइतक्याच मोठ्या अक्षरात छापणे सक्तीचे करावे. आवश्यक मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला तरी नियमाला चालतो, पण त्याच्या जोडीला अन्य भाषा वापरायला आडकाठी नाही. तेव्हा महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पुड्यावर वापराचे प्रमाण मराठीतही छापावे, ही कंपन्यांकडे मागणी आहे. नियम होईपर्यंत माझ्या व्यवसायबंधूंनाही एक सुचवते. आपल्याकडे वजनकाटा आहे, गिऱ्हाइकाचा विश्वास आहे. फळीवरच्या चार-पाच खपाऊ पुड्यांखाली एका धुण्याला किती रुपये पडतात, ते खडूने लिहून ठेवायला अर्धा तासही लागत नाही. आमच्या दुकानात तशी पाटी लावली आहे, आणि ती पाहून स्वस्तातला पुडा परत ठेवून मधला घेणारेही गिऱ्हाईक आहे, तसेच महागाचे लिक्विड परत ठेवून पावडर घेणारेही आहे.

आपली विश्वासू,
एक किराणा दुकानदार, मंगळवार पेठ, कोल्हापूर